मदत हवी आहे: व्हीलॅनमध्ये कोणते व्हीआरआयडी आधीच वापरात आहेत, कसं शोधायचं?

प्रश्न
दोन एचएप्रॉक्सी (लोड बॅलन्सर) सर्व्हरवर कीपअलाइव्हडी बसवतोय, म्हणजे एक बंद पडला तर दुसरा व्हीआरआरपी प्रोटोकॉलने तोच व्हर्च्युअल (सामायिक) आयपी घेईल. व्हर्च्युअल राउटर आयडी (व्हीआरआयडी, म्हणजे गटाचा क्रमांक) ५१ दिला, तर लॉगमध्ये सतत येतं की आलेल्या पॅकेटमध्ये आपला व्हर्च्युअल आयपी नाही. याच व्हीलॅनमध्ये (स्विचवरच्या वेगळ्या नेटवर्क भागात) आणखी क्लस्टर, म्हणजे असेच सर्व्हरचे गट, आहेत, पण कोणी कोणता क्रमांक घेतलाय याची नोंद नाही. प्रत्येक सर्व्हरवर लॉगिन न करता कळेल का?

प्रतिसाद १
कळेल. ५१ दुसऱ्याकडे आहे हे लॉगनेच सांगितलंय. कीपअलाइव्हडीच्या नमुना कॉन्फिगमध्ये हाच आकडा असतो, म्हणून टक्कर बहुधा त्याच्यावरच होते.

मास्टर, म्हणजे सध्या व्हर्च्युअल आयपी धरून असलेला सर्व्हर, २२४.०.०.१८ या मल्टिकास्ट (एकदम अनेकांना जाणाऱ्या) पत्त्यावर पॅकेट पाठवत राहतो, तेव्हा नुसतं ऐकायचं. आधी तुमच्या दोन्ही सर्व्हरवरची सेवा थांबवा, नाहीतर तुमचाच ५१ यादीत येईल. मग रूटने टीसीपीडम्प (पॅकेट पाहायचं साधन) त्या व्हीलॅनच्या इंटरफेसवर लावा आणि फिल्टरमध्ये आयपी प्रोटोकॉल ११२ (व्हीआरआरपीचा क्रमांक) द्या. हा पोर्ट नव्हे, इथे बरेचजण चुकतात. ओळीत पाठवणाऱ्याचा आयपी, व्हीआरआयडी आणि प्रायॉरिटी (मास्टर कोण हे ठरवणारा आकडा) दिसते. व्हर्बोज पर्याय लावला की व्हर्च्युअल आयपीही. पाच मिनिटं चालू ठेवा: इंटरव्हल (दोन पॅकेटमधला वेळ) सहसा १ सेकंद असतो, पण व्हीआरआरपीच्या आवृत्ती २ मध्ये तो २५५ सेकंदांपर्यंत जाऊ शकतो.

आयपीव्ही६ साठी वेगळा फिल्टर लागतो.

प्रश्नकर्ता
१०, ५१ आणि २० मिळाले. २० ची प्रायॉरिटी कायम ० आणि व्हर्च्युअल आयपी सात, तेही भलतेच. हे काय?

प्रतिसाद २
तो बहुतेक कार्प (व्हीआरआरपीसारखाच दुसरा प्रोटोकॉल) आहे, पीएफसेन्स किंवा ओपीएनसेन्स फायरवॉलची जोडी. प्रोटोकॉल क्रमांक तोच असल्याने टीसीपीडम्प त्याला व्हीआरआरपी समजून वाचतो. प्रायॉरिटीच्या जागी कार्पचा स्क्यू (त्याचा अग्रक्रम ठरवणारा आकडा) दिसतो आणि सात 'पत्ते' म्हणजे खरं तर काउंटर आणि सहीचा मजकूर. व्हीआरआरपीमध्ये ० फक्त मास्टर पायउतार होताना येतो, कायम नाही. २० हा आकडा मात्र खरा आहे, तोही टाळा: दोघांचा व्हर्च्युअल मॅक (नेटवर्क कार्डासारखा पत्ता) ००:००:५ई:००:०१ नेच सुरू होतो आणि शेवटचा बाइट हा क्रमांक असतो.

एआरपी स्कॅनवर (आयपीमागचे मॅक पत्ते शोधण्यावर) भिस्त ठेवू नका. कीपअलाइव्हडी स्वतःहून व्हर्च्युअल मॅक वापरत नाही, त्यामुळे तिथे त्याचा क्रमांक दिसणार नाही.

प्रतिसाद १
यादीत नाही म्हणजे मोकळा, असंही नाही. बॅकअप (राखीव सर्व्हर) गप्प असतो, बंद ठेवलेला क्लस्टर दिसत नाही आणि युनिकास्ट पीअर लावलेल्यांची (फक्त एकमेकांनाच थेट पाठवणाऱ्यांची) पॅकेट तुमच्यापर्यंत येतच नाहीत. नेटवर्कवाल्यांना राउटरचे क्रमांक विचारून घ्या.

१ ते २५५ मधला न दिसलेला क्रमांक निवडा आणि दोन्ही सर्व्हरवर एकदमच बदला. एकावर जुना राहिला तर दोघंही मास्टर होतात आणि एकच आयपी दोन्हीकडे लागतो. क्रमांक तोच ठेवून नुसता पासवर्ड वेगळा केला तर भागत नाही, तक्रार 'चुकीचा पासवर्ड' म्हणून येतच राहते. दुसऱ्या व्हीलॅनमध्ये तोच क्रमांक असला तर हरकत नाही.