मदत हवी आहे: लाईट गेल्यावर लॅपटॉप दोन तास टिकवायचा आहे

नमस्कार मंडळी. खानापूर तालुक्यात जांबोटीकडून दहावीच्या मुलांचा गणिताचा ऑनलाइन क्लास घेते, संध्याकाळी सहा ते आठ. पावसाळ्यात नेमकी तेव्हाच लाईट जाते आणि दीड तासात बॅटरी संपते. परीक्षेचं वर्ष आहे, क्लास अर्ध्यावर सोडवत नाही.

विंडोज ११, आय५ प्रोसेसर, ८ जीबी रॅम. बॅटरी रिपोर्टमध्ये मूळ क्षमता ५०,००० आणि आताची ४१,००० मिलीवॅट-तास, म्हणजे बॅटरी अगदीच गेलेली नाही. इन्व्हर्टर सध्या जमणार नाही.

ब्राइटनेस ४० टक्के केला, कीबोर्डचा लाईट बंद, स्क्रीन १२० वरून ६० हर्ट्‌झवर आणली; थोडाफार फरक पडला. वायफाय अडॅप्टर जास्तीत जास्त पॉवर सेव्हिंगवर ठेवला तर मुलांना आवाज तुटक जायला लागला. इथे मोबाईलची रेंजच एका खिडकीपाशी मिळते, हॉटस्पॉट तिथूनच चालतो, म्हणून ते सेटिंग परत काढलं. कॅमेरा आणि पेन बंद करता येत नाही, वहीतली आकृती दाखवावी लागते.

प्रोसेसरची कमाल मर्यादा ९९ टक्के केली की टर्बो बूस्ट (गरज पडली की प्रोसेसर आपोआप वेग वाढवतो ते) थांबतो, एवढं ठाऊक आहे. बॅटरीवर असताना ती ७०-८० पर्यंत उतरवली तर व्हिडिओ कॉल अडखळेल का? कुणी वापरून बघितलंय?