हक्कसोडपत्रावर सही मागतायत, आणि अण्णांच्या वहीत वेगळंच लिहिलंय

माढ्याची लेक

नमस्कार. माहेर माढा तालुक्यात, सासर बार्शीला. अण्णांना जाऊन पाच महिने झाले. मागे आई, थोरला दादा (चाकणला कंपनीत), मी आणि धाकटा भाऊ. जमीन साडेसहा एकर. चार एकर आजोबांची, अडीच अण्णांनी 1991 साली उसाच्या बिलातून घेतलेली. एक विहीर, थोडं डाळिंब, बाकी ऊस अन् ज्वारी. सोसायटीचं पीककर्ज अण्णांच्या नावावर आहे. शेती सगळी धाकटा बघतो.

गेल्या आठवड्यात दादाचा फोन आला. "वारस नोंद करायचीय. तू अन् आई दोघी माढ्याला या, हक्कसोडपत्रावर सह्या करा, तासाभराचं काम आहे." मी म्हटलं, आईनं का सोडायचं? तर म्हणाला, "आईला जमीन घेऊन काय करायचंय, आम्ही आहोत की." दादा वाईट माणूस नाही. अण्णांच्या दवाखान्याचा मोठा भार त्यानंच उचलला. पण त्या फोनपासून आई गप्प आहे. विचारलं तर "तुम्ही म्हणाल तसं" एवढंच बोलते.

मला स्वतःला जमीन नको. धाकट्यानं वीस वर्षं त्या रानात काढलीत, त्याच्या ताटातलं मला ओढायचं नाही. आईचं मात्र मनाला लागलंय.

दुसरी गोष्ट. अण्णांची पत्र्याची पेटी मी उघडली. जुने सातबारे, कारखान्याच्या शेअरचा दाखला, दोऱ्यात ओवून ठेवलेली लाईट बिलं, आणि एक शंभर पानी वही. वहीत पाण्याच्या पाळ्या अन् खताचा हिशेब. शेवटच्या पानावर लिहिलंय: "विहीर कुणी एकट्याची करू नये. पाणी पाळीनं घ्यावं. आई आहे तोवर घराजवळचं दीड एकर तिचं." खाली अण्णांची सही आणि तारीख. साक्षीदार कुणी नाही.

हे मृत्युपत्र धरतात का? वारस नोंदीला हक्कसोड लागतंच का? शिवाय भावकीतले सांगतात, तुझं लग्न 2001 चं, कायदा 2005 चा, तुला हिस्साच नाही. खरं काय ते कळेल का?

बांधावरचा

ताई, मी तुमच्या धाकट्याच्या जागी आहे, म्हणून त्याच्या बाजूनं लिहितो. आम्ही तिघं भाऊ, दोन बहिणी. बहिणींनी 2016 ला हक्कसोड केलं, पण कागदात नीट कुणी लक्ष घातलं नाही. सोडलेला हिस्सा तिघा भावांत सारखा गेला. गावाकडं राबणारा मी एकटा, पण मुंबईच्या दोघांनाही तेवढंच मिळालं. बहिणींच्या मनात मला द्यायचं होतं, हे त्या आजही सांगतात. तुम्हाला सोडायचंच असेल तर कुणाच्या लाभात सोडताय ते नाव घालून लिहा. "भावांना" असं मोघम लिहू नका.

निवृत्त तलाठी

31 वर्षं तलाठी होतो. आता त्या पदाला ग्राम महसूल अधिकारी म्हणतात. ताई, सगळ्यात आधी एक गाठ मनाशी बांधा: वारस नोंद आणि हक्कसोड ही दोन वेगळी कामं आहेत. एकाच दिवशी, एकाच गाडीत नेऊन उरकायची तर मुळीच नाहीत.

वारस नोंदीला मृत्यूचा दाखला, वारसांची नावं असलेला अर्ज आणि प्रतिज्ञापत्र लागतं. अर्ज तलाठ्याकडं द्या नाहीतर ई-हक्क या सरकारी संकेतस्थळावर भरा. तीन महिन्यांत कळवायचं असतं, पण उशीर झाला म्हणून कुणाचा हक्क बुडत नाही. आधी वारस रजिस्टरला, म्हणजे गाव नमुना 6-क ला नोंद होते, मग फेरफार, म्हणजे सातबाऱ्यातल्या बदलाची नोंद, पडतो, सगळ्यांना नोटीस जाते, हरकतीला 15 दिवस मिळतात आणि मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. सातबाऱ्यावर चौघांचीही नावं लागतात. यात कुणी काही सोडायचं नसतं. सरकारनं 2025 ला जिवंत सातबारा मोहीम काढली ती मयत खातेदारांच्या जागी वारसांची नावं लागावीत म्हणूनच.

आता हिस्सा. हिंदू वारसा कायद्याच्या 2005 च्या दुरुस्तीनं मुलगी जन्मानंच सहदायाद, म्हणजे वडिलोपार्जित मालमत्तेत मुलासारखीच वाटेकरी झाली. लग्न कधी झालं याचा त्याच्याशी संबंध नाही, आणि 11 ऑगस्ट 2020 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं ते आणखी स्पष्ट केलंय. भावकीला खुशाल सांगा.

आईचं तर ऐकाच. 1978 साली सांगलीकडच्याच एका घरातल्या दाव्यात (गुरुपाद मगदूम विरुद्ध हिराबाई) सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की नवरा वारला त्या क्षणी घराची वाटणी झाली असं समजायचं, आणि त्या वाटणीत विधवेला तिचा स्वतःचा हिस्सा धरायचा. नवऱ्याच्या हिश्श्यातला वारसा त्यावर वेगळा. तुमच्याकडं मांडून बघा. अण्णा, आई आणि तीन लेकरं, म्हणजे पाच वाटे. अण्णांचा पाचवा वाटा पुन्हा चौघांत. बेरीज केली की प्रत्येकाला रुपयात चार आणे. अण्णांनी घेतलेल्या अडीच एकरातही चार आणेच. म्हणजे जमीन वडिलोपार्जित धरा नाहीतर स्वकष्टार्जित, तुमच्या घरात हिशेब एकच. साडेसहा एकर म्हणजे 260 गुंठे, प्रत्येकी 65 गुंठे. अण्णांनी आईला लिहिलेलं दीड एकर म्हणजे 60. तिच्या हक्काहून पाच गुंठे कमीच!

वहीचं पान मृत्युपत्र म्हणून टिकायचं नाही. मृत्युपत्राला स्टॅम्प लागत नाही, नोंदणीही सक्तीची नाही, पण दोन साक्षीदारांच्या सह्या लागतातच. तरी ते पान फेकू नका. त्याचा उपयोग पुढं आहे.

साडीचोळी

मी निफाडकडची. ताई, माझं ऐका, मग काय ते ठरवा.

2011 ला मी अन् आईनं एकाच दिवशी हक्कसोड केलं. भावानं दोघींना साडीचोळी केली, हॉटेलात जेवायला नेलं. माझ्या साडीचा रंग अजून डोळ्यांसमोर आहे, आमसुली होती. माहेर तुटू नये एवढंच मनात होतं. चार वर्षांनी त्यानं रस्त्याकडची जमीन प्लॉटिंगला दिली. आईला विचारायचा प्रश्नच आला नाही, तिचं नाव कुठंच नव्हतं. आता ती माझ्याकडं असते. भावाचा फोन येतो दिवाळीला.

वकिलाकडं गेले होते. नोंदणी झालेलं हक्कसोड आपल्या मनानं मागं घेता येत नाही. फसवून किंवा दबाव टाकून करून घेतलं असं कोर्टात शाबीत करावं लागतं, आणि मी तर हसत सही केली होती. तुम्ही तुमचं सोडा, तुमचा अधिकार आहे. आईला तेवढी सही करू देऊ नका.

माढ्याची लेक

साडीचोळीताई, तुमचं लिहिलेलं मी आईला वाचून दाखवलं. ती रडली. मग म्हणाली, "माझं नाव राहू दे."

तलाठी काका, पुढं काय करू? भांडण मला नको आहे. आणि वहीचा उपयोग पुढं आहे म्हणालात, तो कसा?

निवृत्त तलाठी

आधी चौघांची वारस नोंद होऊ द्या. सोसायटीची थकबाकी चौघांनी मिळून बघा. कर्जाचा बोजा सातबाऱ्यावर "इतर हक्क" या रकान्यात असतो, आणि वारसांवर कर्ज येतं ते मिळालेल्या मालमत्तेपुरतंच. फेडलंत की बेबाकीचा, म्हणजे कर्ज फिटल्याचा, दाखला घेऊन बोजा कमी करून घ्या.

मग वाटप. चौघांची संमती असेल तर महसूल संहितेच्या कलम 85 खाली तहसीलदारांकडून होतं, नाहीतर नोंदणीकृत वाटणीपत्र करा. शेतजमिनीच्या वाटणीपत्राची नोंदणी फी सरकारनं 2025 ला माफ केलीय, आता खर्चाची सबब नको. तुकडेबंदीचं भान ठेवा: बागायत 10 गुंठ्यांच्या आणि जिरायत 20 गुंठ्यांच्या खाली तुकडा पाडता येत नाही. प्रत्येक पट्टीचे चार भाग करत बसू नका, सलग द्या.

वहीचं पान इथं कामाला येतं. मृत्युपत्र म्हणून जे टिकत नाही, तेच चौघं राजीखुशीनं वाटणीपत्रात लिहू शकता. घराजवळचं आईला, पण "आहे तोवर" नको, मालकीनं द्या. ते तिच्या पूर्ण मालकीचं झालं की पुढं कुणाला द्यायचं ते तीच मृत्युपत्रानं ठरवील.

विहिरीवर मात्र अख्खं पान खर्च करा. माझ्या सज्जातल्या, म्हणजे माझ्याकडच्या गावांतल्या, एका वाटणीपत्रात "विहीर सामाईक" एवढे दोनच शब्द होते. मोटार थोरल्याची, मीटर वडिलांच्या नावावर, पाइप धाकट्याच्या रानातून. एका मे महिन्यात भांडण झालं, पाइप उखडला आणि तीन एकर द्राक्षबाग उभी वाळली. दोघं भाऊ माझ्यासमोर बसून रडले. म्हणून सांगतो, कुणाचे किती आणे, पाळीचे वार, मोटारीचा आणि गाळ काढायचा खर्च, मीटर कुणाच्या नावावर, पाइप कुठून जाणार, विहिरीपर्यंत पायवाट किती फुटांची, सगळं लिहा. बैलगाडी जाईल एवढी वाट सोडा.

माढ्याची लेक

उशिरा लिहितेय. दादा गावी आला होता. मी काही न बोलता वहीचं पान त्याच्यासमोर ठेवलं. उभ्यानं वाचायला लागला, मग ओट्यावर बसला. बराच वेळ पान धरून होता. म्हणाला, "अण्णांनी मला कधी बोलून नाही दाखवलं." संध्याकाळी त्यानंच धाकट्याला बोलावलं.

सोमवारी अर्ज दिला, चौघांच्या नावानं. आईनं सही केली, सावकाश, एकेक अक्षर. वाटणीपत्रात विहिरीचं कलम अण्णांच्याच शब्दांनी सुरू करायचं ठरलंय. माझे चार आणे मी धाकट्याच्या नावानं सोडणार, दादाचीही हरकत नाही.

एक राहिलं, काका. माझ्या पाण्याच्या पाळीचे दिवस वेगळे लिहून द्यावे लागतात, की जमिनीबरोबर आपोआप जातात?

निवृत्त तलाठी

वेगळे लिहा. "विहिरीतील माझ्या चार आणे हिश्श्यासह" असे शब्द हक्कसोडपत्रात घालायला सांगा, आणि सही करायच्या आधी ते वाक्य स्वतः वाचा.