सांदवाडीत (घरामागच्या मोकळ्या जागेत) फुलपाखरं अन् हमिंगबर्ड यावेत म्हणून काय लावू? (यवतमाळ जिल्हा, काळी माती, पाणी कमी)

सांदवाडीवाली:
नमस्कार मंडळी, घरामागं २० बाय १५ फूट जागा मोकळी आहे, मे महिन्यात भेगा अशा पडतात की चप्पल अडकते. पोरानं मोबाइलवर हमिंगबर्डचे व्हिडिओ पाहून हट्टानं ते साखरपाण्याचं लाल भांडं ऑनलाइन मागवलं, दीड महिना झाला, हमिंगबर्ड एक नाही अन् मुंगळे ढीगभर. फुलपाखरं येतात पण थांबत नाहीत. झेंडू, शेवंती आहे. लिंबू अन् कढीपत्ता पण आहे, त्याची पानं अळ्या खात होत्या म्हणून कपाशीचं उरलेलं औषध मारलं. आता पाऊस लागला तर काय लावू ते सांगा, महाग नको.

पांदणवाला:
ताई पहिले ते भांडं उतरवा 😀 हमिंगबर्ड फक्त अमेरिकेकडचा पक्षी, उत्तर अन् दक्षिण दोन्ही अमेरिका, भारतात तो नाहीच. संध्याकाळी फुलासमोर एका जागी भिरभिरणारं काही दिसलं तर तो पतंग असतो, लांब सोंडेचा, लोक त्यालाच हमिंगबर्ड समजून फोटो टाकतात. आपल्याकडे ते काम शिंजीर करतो. उलसाक पक्षी, चोच वाकडी, विणीच्या दिवसांत नर काळा-जांभळा चकाकतो, मादी पोटाखाली पिवळी. तो हवेत थोडा वेळच थांबतो, बहुतेक वेळा फांदीवर बसूनच रस पितो, म्हणून त्याला बसायला झुडूप पायजे. हमेलिया लावा. मूळची अमेरिकेचीच, तिकडे तिच्यावर हमिंगबर्ड येतात अन् इकडे शिंजीर. नारिंगी नळीसारखी फुलं, फांदी खोचली तरी लागते, एकदा मूळ धरलं की ऊन सोसते. सोबत अडुळसा, जास्वंद (एकेरी घ्या), अन् न्हाणीचं पाणी जातं तिथं कर्दळ.

हाव_बाप्पा:
एवढं कायले करता, रायमुनिया (घाणेरी) लावा ना, फुलपाखरं तुटून पडतात.

पांदणवाला:
भाऊ फुलपाखरं येतात हे खरं, पण जंगल आधीच तिनं खाल्लं आहे अन् पाला जनावराच्या पोटात गेला तर विषारी. बांधावर आपोआप येते तेवढी पुरे.

जुना_मास्तर:
ताई, रागावू नका पण त्या अळ्याच तुमची फुलपाखरं होती. लिंबाच्या पानावर पांढरट-काळी, पाखराच्या विष्ठेसारखी दिसते ना, ती लिंबाळी फुलपाखराची छोटी अळी. मोठी झाली की हिरवीगार होते, बोट लावलं की डोक्यामागून नारिंगी शिंगं काढते अन् असा वास सोडते की पोट्टे पळतात. कढीपत्त्यावरही त्याच जातीतल्या. २०१५ मध्ये राज्य फुलपाखरू ठरलेलं ब्लू मॉर्मन पण लिंबाच्या कुळातल्या झाडांवरच वाढतं. (हे वरुड-मोर्शीच्या संत्रावाल्यासमोर बोलू नका, काठी घेऊन येईल.) फूल म्हणजे फुलपाखराचं हॉटेल झालं, अंडी घालायला त्याला ठरलेलंच झाड लागतं अन् ते नसलं की ते पुढं जातं. रुईचं एक झाड कोपऱ्यात राहू द्या, तिच्यावर काळ्या-पिवळ्या पट्ट्यांची अळी येते, तिचं बिबळ्या कडवा होतं. चीक फक्त पोराच्या डोळ्यात जाऊ देऊ नका. पहिल्या पावसानं तरोटा उगवतोच, कोवळा भाजीला खुडा अन् चार-पाच रोपं तशीच ठेवा, पिवळी छोटी फुलपाखरं त्याच्यावर अंडी घालतात. कुंडीत पानफुटी. रसासाठी झिनिया, सदाफुली, अन् एकदांडी निंदू नका. नळाखाली एक जागा चिखल राहू द्या, फुलपाखरं तिथं क्षार चोखायला बसतात.

अन् कपाशीचं औषध कढीपत्त्यावर? तोच वरणात टाकता ना? ती सगळी पानं खुडून पुरून टाका, गुरांनाही देऊ नका, खायला नवी फूट येऊ द्या.

सांदवाडीवाली:
मायबाई, हे डोक्यातच नाही आलं. यांनी पंपात उरलं म्हणून मारलं अन् मीही हो म्हटलं. आज सगळी पानं खुडली. हमेलियाच्या चार काड्या गावातल्याच एका घरून आणल्या. पण वावराला लागून घर आहे, शेजारचा फवारा उडून येतोच, त्याचं काय?

पांदणवाला:
त्या बाजूनं तुरीची दोन तासं (ओळी) दाट पेरा, थोडं तरी अडतं. शेजाऱ्याला वारा पाहून मारायला सांगा, भांडू नका.

सांदवाडीवाली: (दोन महिन्यांनी)
हमेलियाच्या तीन काड्या लागल्या, एक शेळीनं खाल्ली. शिंजीर अजून नाही. तरोट्यावर पिवळी फुलपाखरं रोज आहेत, अन् कढीपत्त्याच्या नव्या फुटीवर सहा अळ्या, पोरगा शाळेतून आला की दप्तर न काढता मोजतो अन् मुद्दाम बोट लावून शिंगं पाहतो. सासूबाई वरणापुरता कढीपत्ता आता शेजारून मागून आणतात, कुरकुर करत, पण आणतात.