अनुभव धागा: डीन लुइंग्टन आणि मैदानाची डावी बाजू

मंडळी, खालच्या डिव्हिजनचा फुटबॉल मैदानात जाऊन बघणारे आपल्यात निघतीलच. इंग्लंडमधल्या मिल्टन कीन्सचा क्लब एमके डॉन्स, त्याच्याकडून लेफ्ट बॅक (डाव्या बाजूचा बचावपटू) म्हणून ९००हून अधिक सामने खेळून लुइंग्टन २०२५मध्ये निवृत्त झाला. पाहिलं असेल तर लिहा. सुरुवात मीच करतो.

मिल्टन कीन्सला आलो त्या हिवाळ्यात ऑफिसातल्या एकाने ओढत नेलं. ३०,५०० खुर्च्या, निम्म्याहून जास्त रिकाम्या. यजमान पाठीराख्यांच्या स्टँडचं नाव काउशेड, म्हणजे चक्क गोठा! (गावात काँक्रीटच्या गाई आहेत ना.) आम्ही टचलाइनला खेटून बसलो होतो. समोरचा विंगर (कडेने चढाई करणारा) वाऱ्यासारखा, आणि हा आमचा लेफ्ट बॅक निवांत. तिसऱ्यांदा बॉल काढून घेतला तेव्हा लक्षात आलं, गडी दोन पावलं आधीच निघतो. मधल्या काळात हात वर करून सेंटर बॅकला (मधल्या बचावपटूला) दटावणं अखंड चालू. पुढे मी सामना कमी आणि त्याचे पायच जास्त बघायला लागलो.

---

ऑगस्ट २०१४, लीग कप. एमके डॉन्सने मँचेस्टर युनायटेडला ४–० हरवलं! ग्रिगचे दोन, अफोबेचे दोन. मी युनायटेडची जर्सी घालून गेलो होतो, परतताना जॅकेटची चेन गळ्यापर्यंत.

---

आम्ही विम्बल्डनकर, त्यामुळे कौतुक जरा हात राखून. २००३मध्ये आमचा क्लब उचलून मिल्टन कीन्सला नेला, तोच पुढे एमके डॉन्स झाला; लुइंग्टन त्याच्याबरोबर गेला. शेजारच्या आजी अजून त्या क्लबाचं नाव घेत नाहीत, ‘फ्रँचाइझ’ म्हणतात. पण एकोणीस वर्षांच्या पोराने काय करायचं होतं? त्याला मी कधी हुर्यो केली नाही. क्लबाला भरपूर केली.

---

स्विंडनहून. एकाच क्लबाकडून ७७० लीग सामन्यांचा विक्रम आमच्या जॉन ट्रोलोपचा, १९६० ते १९८०. डिसेंबर २०२३मध्ये लुइंग्टनने तो मोडला. घरमालक जुने रेल्वे कारखान्यातले. बातमी सांगितली तर म्हणाले, “१९६९च्या वेम्बलीच्या चिखलात खेळून दाखव म्हणावं.” तिसऱ्या डिव्हिजनमधल्या स्विंडनने तेव्हा लंडनच्या वेम्बली मैदानावर लीग कपच्या फायनलमध्ये आर्सेनलला ३–१ हरवलं होतं. आधी तिथे घोड्यांचे खेळ झालेले, मैदानाचा पार राडा. ही गोष्ट ते दर रविवारी सांगतात, भाडं मात्र महिन्यातून एकदाच घेतात.

---

ग्रिम्सबीकडचं कुणी आहे का? तुमचा टोनी फोर्ड, वेगवेगळ्या क्लबांकडून मिळून ९३१ लीग सामने, तेही स्वतः गोलकीपर नसून! लिहा की.