हिशेबाच्या कामासाठी प्रोग्रॅमिंग शिकायचे आहे, सुरुवात पायथनने करावी की सीने?

प्रश्न:
नमस्कार. मी वाणिज्य शाखेची पदवीधर असून सांगलीत हिशेबाचे काम करते. दर महिन्याला एक्सेलमध्ये तेच तेच आकडे हाताने भरावे लागतात, त्यासाठी छोटा प्रोग्रॅम लिहिता यावा म्हणून मी पायथन शिकायला घेतले आहे. दोन रकमा विचारून त्यांची बेरीज दाखवणारा प्रोग्रॅम लिहिला. १२ आणि ३० भरले, तर उत्तर १२३० आले. काही परिचित म्हणतात की आधी सी शिकल्याशिवाय पाया पक्का होत नाही, तर काहींच्या मते गणित कच्चे असणाऱ्याने या वाटेला जाऊच नये. कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १:
आधी बेरजेविषयी. पायथन ३ मध्ये इनपुट हे फंक्शन (ठरावीक काम करणारी तयार आज्ञा) आपण टाइप केलेली प्रत्येक गोष्ट मजकूर म्हणूनच परत देते आणि दोन मजकुरांमध्ये अधिकचे चिन्ह आले की ते एकापुढे एक जोडले जातात. दोन्ही इनपुट इंट या, मजकुराचा पूर्णांक करणाऱ्या फंक्शनच्या कंसात घ्या, म्हणजे ४२ मिळतील.

रकमेत पैसेही असतील, तेव्हा फ्लोट, म्हणजे दशांश चिन्ह असलेल्या संख्यांचा प्रकार, वापरावासा वाटेल. हिशेबासाठी तो वापरू नका, असे मी आग्रहाने सांगेन. ०.१ आणि ०.२ यांची बेरीज फ्लोटमध्ये ०.३०००००००००००००००४ अशी दिसते, कारण संगणक अपूर्णांक द्विमान (फक्त ० आणि १ वापरणाऱ्या) पद्धतीत साठवतो आणि एक तृतीयांश जसा आपल्या दशमान पद्धतीत नेमका लिहिता येत नाही, तसा ०.१ त्या पद्धतीत नेमका बसत नाही. त्याऐवजी सर्व रकमा पैशांत, पूर्णांक म्हणून मोजा किंवा पायथनसोबतच येणारे डेसिमल हे, दशांश रकमा नेमक्या मोजणारे मॉड्यूल (तयार कोडचा संच) वापरा. मात्र त्याला आकडा अवतरण चिन्हांत, मजकूर म्हणून द्या.

सी ही उत्तम भाषा आहे, पण डेनिस रिची यांनी ती १९७० च्या दशकाच्या आरंभी युनिक्स या संगणक चालवणाऱ्या प्रणालीच्या कामासाठी घडवली आणि तिच्यात मेमरीचा बराचसा सांभाळ स्वतः करावा लागतो. तुमचे काम एक्सेलच्या फाइलींचे असल्याने पायथनच धरून ठेवा. गणिताचे म्हणाल, तर टक्केवारी आणि तर्कशुद्ध विचार एवढे तुमच्या कामाला पुरते, आणि हिशेब सांभाळणाऱ्या व्यक्तीकडे ते असतेच.

प्रतिसाद २:
वरील सल्ल्याशी पूर्ण सहमत आहे. मी नवशिक्यांना शिकवतो, तेव्हा चूक झाल्याचा संदेश लाल अक्षरांत दिसताच अनेक जण खिडकी बंद करतात, याचे फार वाईट वाटते. त्या संदेशाची शेवटची ओळ आधी वाचावी, कारण चूक कोणत्या प्रकारची आहे, हे तिथे लिहिलेले असते. त्यानंतर वरचा ओळ क्रमांक पाहावा. तिथे चूक सापडली नाही तर आधीच्या ओळीत एखादा कंस उघडा राहिला आहे का, हे तपासावे. २०२१ मध्ये आलेल्या ३.१० या आवृत्तीपासून कंस बंद न केल्याचे पायथन स्वतःच सांगते, त्यामुळे जुनी आवृत्ती असल्यास बदलावी.

एक्सेलच्या फाइली हाताळणारे ओपनपायएक्सएल हे पायथनचे मॉड्यूल वापराल, तेव्हा फाइलच्या प्रतीवरच काम करा. त्याच नावाने सेव्ह केल्यास मूळ फाइल न विचारता पुसली जाते.

मूळ प्रश्नकर्ती:
दोघांचेही मनःपूर्वक आभार. इंट घातल्यावर ४२ आले. आता रकमा पैशांत मोजून मागील महिन्याच्या फाइलच्या प्रतीवर प्रोग्रॅम चालवते आणि आलेली बेरीज हाताने केलेल्या बेरजेशी ताडून पाहते.