जनुकीय विविधता आणि उग्रता या वेगळ्या गोष्टी आहेत

फ्युजेरियम या बुरशीच्या नमुन्यांत जनुकीय विविधता जितकी जास्त, तितकी बुरशी अधिक उग्र, म्हणजे रोग आणण्यात अधिक घातक, असा दावा केला जातो. ते मला पटत नाही. टोमॅटोवर मर रोग आणणाऱ्या या बुरशीच्या तीन रेस (कोणत्या प्रतिकारक वाणांवर रोग आणतात, त्यावरून पाडलेले गट) ज्ञात आहेत आणि त्यांच्यातील फरक मोजक्या जनुकांवर ठरतो. दुसऱ्या रेसमध्ये, ज्यावरून प्रतिकारक झाड बुरशीला ओळखते, ते एव्हीआर-१ हे जनुकच नसते, तर तिसऱ्या रेसमध्ये एव्हीआर-२ या तशाच जनुकातील डीएनएच्या अवघ्या एका अक्षराच्या बदलामुळे आय-२ हे प्रतिकारक जनुक असलेले झाडही तिला ओळखू शकत नाही. त्याहून विलक्षण म्हणजे, २०१० साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत रोगकारक प्रभेदाचे (त्याच बुरशीच्या एका वंशाचे) अख्खे गुणसूत्र निरुपद्रवी प्रभेदात गेले आणि तोही टोमॅटोवर रोग आणू लागला! म्हणजेच वंशावळीने दूर असलेले प्रभेद सारखेच घातक ठरू शकतात, आणि अगदी जवळचे निरुपद्रवी.

म्हणून जनुकीय विविधता दाखवणाऱ्या डीएनए चाचणीतील पट्ट्यांवरून उग्रतेचा अंदाज बांधू नये, असे मला कळकळीने वाटते. रोपांची मुळे बीजाणूंच्या द्रावणात बुडवून ती लावावीत, काही आठवड्यांनी खोड उभे चिरावे आणि जलवाहिन्यांत तपकिरी रेघ किती वर चढली आहे, ते प्रत्येक वाणावर स्वतंत्रपणे नोंदवावे.