घरच्या डेस्कटॉपला सिक्युअर बूट बंदच ठेवावं का?

नौपाडाकर:
दिवाळीत भाचा आमच्याकडे आला होता. त्याच्या नव्या गेमला सिक्युअर बूट, म्हणजे मशीन सुरू होताना फक्त विश्वासू सही असलेले प्रोग्रामच चालू देणारी सोय, चालू हवी होती. त्याने बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंग्जमध्ये) जाऊन सीएसएम बंद केलं, सिक्युअर बूट चालू केलं आणि सेव्ह केलं. त्यानंतर मशीन विंडोजपर्यंत पोचेना, दर वेळी परत बायोसच उघडायचं. बाबांचे पेन्शनचे कागद, सोसायटीचा सहा वर्षांचा हिशेब, सगळं त्याच डेस्कटॉपवर. ओळखीच्या दुकानदाराने फोनवरच निदान केलं, "विंडोज उडालंय, फॉरमॅट मारावा लागेल." बाबा रात्रभर झोपले नाहीत.

सकाळी मी सीएसएम परत चालू केलं. विंडोज जसंच्या तसं उभं राहिलं, काहीही उडालं नव्हतं.

मशीन २०१८ चं असलं तरी डिस्क त्याआधीच्या मशीनमधून काढून बसवलेली, म्हणून तिच्यातल्या भागांची मांडणी जुन्या एमबीआर पद्धतीची होती. सीएसएम हा जुन्या बायोसची नक्कल करणारा भाग. तो बंद केला की विंडोज निव्वळ यूईएफआयमधून, म्हणजे बायोसच्या नव्या पद्धतीतून, सुरू व्हावं लागतं आणि त्याला जीपीटी या नव्या मांडणीची डिस्क लागते. स्टार्टच्या सर्चमध्ये 'एमएसइन्फो३२' टाइप करून 'बायोस मोड'समोर 'लेगसी' आहे की 'यूईएफआय', एवढं आधी पाहिलं असतं तर ती रात्र टळली असती.

मग मी सगळ्या फाइल बाहेरच्या डिस्कवर घेतल्या आणि एमबीआर२जीपीटी ही मांडणी बदलणारी कमांड वापरली. विंडोज १० मध्ये ती २०१७ पासून आहे. आधी व्हॅलिडेट, ते पास झालं तरच कन्व्हर्ट. फाइल जागच्या जागी राहतात. डिस्कचे चार प्रायमरी भाग आधीच केलेले असतील तर ती व्हॅलिडेटलाच थांबते. त्यानंतर सीएसएम बंद करून सिक्युअर बूट चालू केलं, तरी त्याला बायोस 'एनेबल्ड' म्हणतंय आणि विंडोज 'ऑफ'. कारण बोर्डात सही तपासायच्या किल्ल्याच (कीज) भरलेल्या नव्हत्या. 'रिस्टोअर फॅक्टरी कीज' केल्यावर 'ऑन' दिसलं.

दोष सिक्युअर बूटचा नव्हता, पायऱ्यांचा क्रम चुकला होता. म्हणून "चालत नाही ना, मग बंद करून टाका" हा सल्ला कुणी कुणाला देऊ नये, असं माझं ठाम मत आहे.

घणसोलीकर:
पूर्ण असहमत. मी कामावरून आल्यावर आसपासच्या लोकांचे संगणक बघून देतो. तुम्हाला जमलं, कारण तुम्हाला कळतं. ज्याच्याकडे बॅकअप नाही त्याने डिस्कची मांडणी बदलायला घेतली आणि मध्येच लाइट गेली तर? घरोघरी यूपीएस नसतो.

कोपरखैरण्यातल्या एका काकांचं मशीन सांगतो. ग्राफिक्स कार्ड २०११ चं. कुणीतरी सीएसएम बंद करून दिलं आणि पडदा काळा. पंखे फिरतायत, चित्र नाही. काकांना वाटलं मदरबोर्ड गेला. प्रत्यक्षात त्या जुन्या कार्डात यूईएफआयला चित्र दाखवता येईल असा प्रोग्रामच नव्हता. मी कार्ड काढलं, मॉनिटरची वायर मदरबोर्डच्या पोर्टला लावली, तेव्हा बायोस दिसलं. एवढं सगळं कशासाठी? बूटकिट, म्हणजे विंडोजच्याही आधी सुरू होणारा व्हायरस, घुसवून ठाण्यातल्या पेन्शनरला लुटलेलं मी अजून पाहिलं नाही. ओटीपी विचारून लुटलेले मात्र दर महिन्याला भेटतात. आणि २०२३ मध्ये उघडकीला आलेल्या ब्लॅकलोटस या बूटकिटने सिक्युअर बूट चालू असलेल्या विंडोज ११ लाच चकवलं होतं.

नेरुळची:
बाजू नंतर घेते, आधी एक कळकळीची विनंती. बायोसला हात लावण्याआधी बिटलॉकर, म्हणजे डिस्क कुलूपबंद (एन्क्रिप्ट) करणारी विंडोजची सोय, चालू आहे का ते बघा आणि असेल तर 'सस्पेंड' करा. नाहीतर पुढच्या वेळी मशीन ४८ आकडी रिकव्हरी की मागतं. माझ्या बहिणीला ती मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये सापडली म्हणून तिच्या प्रबंधाची प्रकरणं वाचली. काही मशीनवर डिस्क आपण न सांगताच एन्क्रिप्ट झालेली असते.

नौपाडाकर:
ताई, हे मी लिहायला हवं होतं. आमच्याकडे बिटलॉकर नव्हतं म्हणून सुचलंच नाही.

घणसोलीकर, ग्राफिक्स कार्डाचं मान्य. तिथे बंद ठेवणंच योग्य. ब्लॅकलोटसचं मात्र मान्य नाही. त्याने जुनी, सही असलेली, सदोष बूट फाइल वापरली. दोषावर दुरुस्ती जानेवारी २०२२ मध्येच आली होती, पण जुन्या फाइली रद्द झालेल्यांच्या यादीत, म्हणजे डीबीएक्समध्ये, तेव्हा टाकल्या गेल्या नव्हत्या. यादी अपडेट ठेवायला हवी होती, हा त्यातला धडा. कुलूपच काढून ठेवा, हा नव्हे.

खारघर लिनक्सवाला:
मला तिसरंच खुपतं. मशीन माझं, पण बोर्डात भरून येणाऱ्या किल्ल्या मायक्रोसॉफ्टच्या. उबुंटूसुद्धा त्यांनी सही केलेल्या 'शिम' या छोट्या प्रोग्रामच्या आधाराने सुरू होतं. २०१२ मध्ये विंडोज ८ चा शिक्का हवा असेल तर साध्या पीसीवर सिक्युअर बूट बंद करायची सोय ठेवणं कंपन्यांना बंधनकारक होतं. विंडोज १० पासून ते कंपन्यांच्या मर्जीवर सोडलं. म्हणून 'बंद करा' म्हणणाऱ्याला गप्प करू नका. तो पर्याय आपल्या हातात राहिलाच पाहिजे.

तरी माझ्याकडे चालूच आहे. एनव्हिडियाचा ड्रायव्हर टाकल्यावर रीस्टार्टला एक निळा पडदा येतो. तिथे 'एन्रोल एमओके' करून (म्हणजे मालकाची स्वतःची किल्ली नोंदवून) इन्स्टॉल करताना ठरवलेला पासवर्ड द्यायचा. माझ्याकडून तो पडदा निसटला आणि ड्रायव्हर लोडच होईना. चार महिने मी सिक्युअर बूटच बंद ठेवलं होतं. खरं कारण कळल्यावर दहा मिनिटांचं काम निघालं.

घणसोलीकर:
आणि आता सिक्युअर बूटची २०११ ची सर्टिफिकेटं जून २०२६ पासून संपू लागतायत, त्यांच्या जागी २०२३ ची घालायची. हे त्या काकांना कोण समजावणार?

नौपाडाकर:
त्यांनी काहीच केलं नाही तरी मशीन सुरू होत राहील. फक्त बूटच्या टप्प्यावरच्या पुढच्या सुरक्षा दुरुस्त्या मिळणार नाहीत. बहुतेक घरांत नवी सर्टिफिकेटं विंडोज अपडेटमधूनच येतात. खरी काळजी अपडेट बंद ठेवणाऱ्यांची आणि ऑक्टोबर २०२५ नंतरही मुदतवाढ न घेता विंडोज १० वर राहिलेल्यांची.

नेरुळची:
आता माझं मत. नव्या मशीनवर चालूच असावं. माझं त्यातच रोज बँकेचं काम चालतं. पण दुकानदाराने न विचारता बंद करून दिलं तर निदान सांगावं तरी. मला दोन वर्षांनी कळलं, तेही मदरबोर्डचा बटण सेल बदलायला गेले तेव्हा. सेल संपला की बायोसची सेटिंग्ज मूळपदावर जातात, म्हणून मी सगळ्या पानांचे फोटो मोबाईलवर काढायला लागले, तेव्हा दिसलं.

घणसोलीकर:
फोटोंचं मी उद्यापासून करतो. आणि मान्य, फॉरमॅट सांगण्याआधी एमएसइन्फो३२ बघायला दोन मिनिटं लागतात, तेवढी देईन. पण कोपरखैरण्याचं मशीन जुनं कार्ड असेपर्यंत बंदच राहणार. काकांना बाहेरच्या डिस्कवर बॅकअप घ्यायला शिकवलंय. या रविवारी त्यांनी तो स्वतः घेतला आणि मला फोन करून फाइली मोजून सांगितल्या.